सात सेकंदांचे ड्रायव्हर

आमच्या ऑफिसात सोमवार सकाळ कॉफी मशीनपाशी सुरू होते. मेल नंतर, आधी रविवारच्या फॉर्म्युला वनचं पोस्टमॉर्टेम. कोणाचं टायर गेलं, कोणाची स्ट्रॅटेजी फसली, कोण कोणाला उगाच घासून गेला... बॉस केबिनमधून बाहेर येईपर्यंत हे चालतं. बॉसही बरेचदा त्यात सामील होतात, तो भाग वेगळा!

त्यातूनच व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात एक यादी सुरू झाली. नाव दिलं ‘अन्याय झालेले ड्रायव्हर’. नियम दोनच. माणसाच्या अंगात वेग आहे हे आधी कुठेतरी सिद्ध झालेलं हवं, आणि वरच्या पातळीवर मिळालेली संधी लाज वाटावी इतकी छोटी हवी.

माझं पहिलं नाव करुण चंढोक. जीपी टू मध्ये दोन शर्यती जिंकलेला मुलगा. २०१० मध्ये हिस्पानिया नावाच्या नव्याकोऱ्या टीमनं त्याला गाडी दिली. गाडी म्हणजे काय, तर बहारीनच्या पहिल्या शर्यतीला तिचे भाग जोडणंच चालू होतं. त्या गाडीत तो पहिल्यांदा बसून धावला ते थेट क्वालिफाइंगमध्ये! तुम्ही-आम्ही नवी स्कूटर घेतली तरी आधी सोसायटीत दोन चकरा मारतो. त्याला तेवढ्याही मिळाल्या नाहीत. ब्रिटिश ग्रां प्रीपर्यंत दहा शर्यती झाल्या आणि त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. २०११ मध्ये जर्मनीत लोटसकडून आणखी एक. एकूण अकरा. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रेटर नोइडाला भारताची पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा शुक्रवारच्या सरावात तो धावला आणि रविवारी बाहेर उभा राहिला.

डेस्कवरच्या एकीनं लगेच निक डी फ्रीसचं नाव टाकलं. फॉर्म्युला टू चा चॅम्पियन, फॉर्म्युला ई चा जगज्जेता. २०२२ मध्ये मोंझाला ऐनवेळी विल्यम्सच्या गाडीत बसला आणि नववा आला. २०२३ मध्ये अल्फाटौरीनं घेतला आणि दहा शर्यतींनंतर घरी पाठवला. गंमत बघा, त्याच्याही अकराच, आणि तोही ब्रिटिश ग्रां प्रीनंतरच गेला. मग कोणीतरी मुंबईच्या जेहान दारूवालाला आणलं. त्यानं फॉर्म्युला टू मध्ये शर्यती जिंकल्या, २०२२ मध्ये मॅक्लारेनची गाडी टेस्टमध्ये चालवली, पण फॉर्म्युला वनची एकही शर्यत त्याच्या वाट्याला आली नाही. नारायण कार्तिकेयनवरून तर भांडण झालं. त्याच्या शेहेचाळीस शर्यती, म्हणून एक गट म्हणाला, ‘भरपूर मिळाल्या की!’ दुसरा म्हणाला, ‘अरे, पण गाड्या कसल्या मिळाल्या?’

तर ही यादी डोक्यात घेऊन मी जानेवारीत आजोळी गेलो. वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. आणि तिथे कळलं, की आपल्या यादीत एक नाव पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. ते आपल्या घरातलंच होतं!

वर्ध्याला उतरा, पुढे लाल डबा

पुण्याहून संध्याकाळची गाडी पकडली, की सकाळी डोळे चोळत वर्धा स्टेशनावर उतरायचं. स्टेशनाबाहेर तर्री पोहे. ज्यांनी नागपूर-वर्ध्याकडचे तर्री पोहे खाल्ले नाहीत त्यांनी पुण्याच्या पोह्यांवर फार बोलू नये, एवढंच नम्रपणे सांगतो. मग एसटीनं दीड तासात आर्वी. एकेकाळी पुलगावहून आर्वीला नॅरोगेजची छोटी गाडी जायची. आईच्या लहानपणीच्या निम्म्या गोष्टी त्या गाडीतल्या आहेत. ती बंद पडूनही आता जमाना झाला.

जानेवारीत हा सगळा पट्टा छान दिसतो. कापसाची शेवटची वेचणी, तूर कापणीला आलेली, हरभऱ्याला घाटे. कारंजा-आष्टीकडे गेलात तर संत्र्याच्या बागा. आणि या सगळ्याच्या मधून, उंच भरावावरून, समृद्धी महामार्ग. वर १२० च्या वेगानं गाड्या जातात आणि खालच्या बोगद्यातून गुरं शांतपणे चरायला निघतात.

त्या गुरांकडे नीट बघा. पांढरी किंवा राखाडी, हलक्या अंगाची, लांबट तोंडाची, बदामी डोळ्यांची. ही गवळाऊ. वर्धा जिल्ह्याची स्वतःची जात. आर्वी, कारंजा, आष्टी, सेलू हा तिचा मूळ मुलूख, आणि तिथून ती नागपूर आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-सिवनीकडे पसरलेली. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगरघाटांतून झपाट्यानं हलवायला हीच जनावरं वापरत, असं सांगतात. नांगराला दणकट बैल अनेक जातींचे मिळतात. गवळाऊचा हातखंडा म्हणजे दुडकी चाल आणि वेग. आपल्या भाषेत, वर्ध्यानं आपलं रेसिंग इंजिन घरीच तयार केलं. आता ट्रॅक्टर आले, चराऊ रानं आटली, संकरित गाई आल्या, त्यामुळे अस्सल गवळाऊ कमी होत चालली आहे. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला ही जात टिकवण्यासाठी सरकारी पैदास केंद्र आहे.

वेगवान बैल आणि रिकामी झालेली शेतं एकत्र आली की काय होणार? शंकरपट! विदर्भात बैलगाडा शर्यतीला शंकरपट म्हणतात, नुसतं ‘पट’ म्हटलं तरी चालतं. पश्चिम महाराष्ट्रात घाट असतो, गट-सेमी-फायनल असतात. आमच्या बाजूच्या पटात जोडी घड्याळाशी धावते. एक हलका छकडा, दोन बैल, एक माणूस, सरळ धावपट्टी. सेकंद आणि सेकंदाचे भाग मोजायचे. फॉर्म्युला वनचं क्वालिफाइंगच की!

आणि तो जो एक माणूस असतो ना, त्याला म्हणतात धुरकरी.

दादा

माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, हा आमच्या गावचा धुरकरी होता. ‘होता’ म्हणतोय. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गावाचंही सांगत नाही.

मी शाळेत असताना दिवाळीत जायचो तेव्हा तो गोठ्यातच सापडायचा. बुटका, काटकुळा, पायात कधी चप्पल नाही. मामांकडे दोन गवळाऊ गोऱ्हे होते, हरण्या आणि बिजल्या. दादा त्यांना सरकी-ढेप घालायचा, नदीत पोहवायचा, रोज पहाटे रिकाम्या छकड्याला जुंपून पळवायचा. मामी ओरडायची, ‘बाप्पा, इतली सेवा मायबापाची केली असती त् पुण्य लागलं असतं!’

धुरकऱ्याचं काम काय असतं, हे मला त्यानं तेव्हा जमिनीवर रेघा मारून समजावलं होतं. छकड्याला सीट नसते. पुढच्या दांड्यावर, बैलांच्या शेपट्यांपाशी दबकून बसायचं. अंग जितकं पुढे, तितकं जुवावर वजन येतं. मागे झुकलास तर छकडा उलाळ होतो. दोन बैल कधी सारखे नसतात. हरण्या सुटायला आळशी पण शेवटी जोरात. बिजल्या पहिल्या झेपेतच निम्मी ताकद घालवायचा. तेव्हा सुरुवातीला बिजल्याला धरायचं, हरण्याला उठवायचं, आणि मध्यावर दोघांची पावलं एक करायची. हे सगळं सात सेकंदांत. कासरा जरा जास्त ओढला की जोडी वाकडी जाणार आणि थेट प्रेक्षकांत घुसणार.

‘विचार कराले टाइमच नसते,’ तो म्हणायचा. ‘हाताले आधी समजते, मंग डोक्याले.’

पुढे हेच मी किती तरी ड्रायव्हरांच्या मुलाखतीत ऐकलं. इंग्रजीत आणि जरा बऱ्या कपड्यांत!

तारखांचा ट्रॅक

आता जरा तारखा बघू. कंटाळा येईल, पण या गोष्टीतला खरा व्हिलन कोण, ते तारखांशिवाय कळत नाही. किंवा व्हिलन आहे का, तेही.

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलाला अशा प्राण्यांच्या यादीत टाकलं, ज्यांचे खेळ करता येत नाहीत. त्या यादीत वाघ, सिंह, अस्वलं, माकडं आधीपासून होती. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी उचलून धरली. मग अपील. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूच्या प्रकरणात निकाल दिला, आणि तामिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं पुन्हा परवानगी दिली, ती काही दिवसांतच न्यायालयानं थांबवली. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला, त्यावर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं शर्यतींना मनाई केली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना वाट मोकळी करून दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१ म्हणजे सात वर्षं आणि सात महिने. २०२० मध्ये कोविडमुळे फॉर्म्युला वनचा सीझन मार्चऐवजी जुलैत सुरू झाला, तेव्हा आम्ही ऑफिसवाले घरून काम करता करता किती रडलो होतो ते आठवा. साडेतीन महिने!

बैलाचे वेगाचे हंगाम मामांच्या हिशेबानं चार-पाच. हरण्या-बिजल्याला पुरते दोन मिळाले. बंदी आली तेव्हा दादा तेवीस वर्षांचा होता.

बंदीनंतर मामांनी वर्षभर वाट बघितली. पटाची जोडी पोसायची म्हणजे खायचं काम नाही, तिचा खुराक घरच्या माणसांपेक्षा महाग. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा नवा कायदा आला आणि बैल विकणंही अवघड झालं. हरण्या नातेवाइकांकडे नांगराला गेला. बिजल्या घरीच राहिला, म्हातारा झाला, आणि पट सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी गोठ्यात गेला. दादानं समृद्धीच्या कामावर टिपर चालवला. खड्ड्यांतून टिपर हाणून हाणून त्याची पाठ गेली. डिसेंबर २०२१ मध्ये बातमी आली तेव्हा मी पुण्यातून आनंदानं फोन केला. तो म्हणाला, ‘हाव, पाह्यलं टीव्हीवर. चांगलं झालं.’ आणि शाळेच्या गाडीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

कारण आता तो स्कूल व्हॅन चालवतो. आमच्या खानदानातला सगळ्यात वेगवान माणूस रोज सकाळी चौदा पोरं घेऊन चाळीसच्या स्पीडनं आर्वीला जातो!

दोरीच्या अलीकडे

या जानेवारीत दादा मला पट बघायला घेऊन गेला. पंधरा-वीस किलोमीटरवरचं गाव. व्हॅनमध्ये मी पुढे, मागे त्याच्या शेजारची चार पोट्टी आणि एका डब्यात मामीनं दिलेली पातोडी.

शेत सपाट करून धावपट्टी आखलेली. दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण. एका टोकाला सेन्सर आणि मोठ्या आकड्यांचं घड्याळ. मंडपात पशुवैद्यक, एक पोलीस व्हॅन, ट्रायपॉडवर कॅमेरा. हे सगळं हौसेपोटी नाही, नियमात आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, पन्नास हजारांची अनामत भरायची, बैलांची तपासणी करून घ्यायची, शर्यतीचं शूटिंग करायचं. धावपट्टी हजार मीटरच्या आत. काठी नाही, चाबूक नाही, शेपटी पिरगाळायची नाही. कायदा मोडून बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

माइकवरचा माणूस मात्र कुठल्याही टीव्ही कॉमेंटेटरच्या तोंडात मारेल असा. जोडी कुठली, मालक कोण, बैलाची आई कोण, सगळं पाठ. घड्याळावर आकडा पडला की गर्दीतून ‘ओऽऽ’ असा आवाज. सात सेकंद बारा. सात पंचेचाळीस. मग एक सहा अठ्ठ्याण्णव, आणि माणसं नाचायला लागली.

दादा नाचला नाही. तो कुंपणाला टेकून फक्त सुटण्याच्या जागेकडे बघत होता. घड्याळाकडे त्याची पाठच. जोडी सुटली की हा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा. जरा वेळानं कळलं, की तो आकडा सांगतोय. ‘सात वीस.’ घड्याळात सात एकवीस. ‘सात साठ.’ घड्याळात सात अठ्ठावन्न. मी चारदा तपासलं.

‘दादा, तू पुन्हा का नाही बसत रे?’ शेवटी विचारलंच.

‘वजन पाय माह्यं,’ तो पोटावर हात मारून हसला. ‘अन् पाठ. छकडा एकदा उसळला त् मले उचलून न्याले चार माणसं लागतीन.’

एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा जोडी घेऊन परतत होता. सात चाळीस. वाईट नाही, पण हाती काही लागणार नाही. दादा त्याच्यापाशी गेला. मला वाटलं, टिप्स देणार. तो त्या पोराशी बोललाच नाही आधी. बैलांच्या मागे गेला आणि दोन्ही पुठ्ठ्यांवरून हात फिरवून तळहात बघितला. मग पोराला म्हणाला, ‘साफ हाये. आवाजावर आणलं ना? मंग सात चाळीस म्हणजे सात चाळीस.’

तळहात का बघितला, ते मला रात्री कळलं.

तुतारी

रात्री अंगणात शेकोटी. तुरीच्या शेंगा उकडलेल्या. मी माझी ऑफिसची यादी सांगितली. करुणच्या अकरा शर्यती, डी फ्रीसच्या अकरा, जेहानची शून्य. दादाला करुणच्या गाडीची गोष्ट भारी आवडली. ‘म्हणजे जोडी जुपलीच नाई अन् डायरेक्ट पटात! कोण देते बाप्पा असा छकडा?’ मग मी म्हणालो, की या यादीत तुझं नाव टाकायला पाहिजे. तुझ्यावर सगळ्यात मोठा अन्याय झालाय.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला आणि एक काठी घेऊन आला. बांबूची, हातभर लांब, टोकाला खिळ्यासारखी लोखंडी आर. आमच्याकडे हिला तुतारी म्हणतात. बैल हाकायची तुतारी. वाजवायची नव्हे.

‘शेवटचा पट, दोन हजार चौदा, फेब्रुवारी,’ तो म्हणाला. ‘आपली जोडी दुसरी आली होती. गावानं मले खांद्यावर घेतलं. मामी तुई पेढे वाटून राह्यली होती. अन् मी घरी येऊन बिजल्याच्या पुठ्ठ्याले हळद लावून राह्यलो होतो. कारण शेवटच्या टप्प्यात म्या हे लावली होती. एकदा नाई. तीनदा.’

शेकोटीत काटकी तडकली. मामा दुसरीकडे बघत होते.

‘मे महिन्यात बंदी आली. राग आला, लय आला. पण नवल नाई वाटलं.’

मी म्हणालो, ‘सगळेच लावायचे ना तेव्हा?’

‘लावत होते. म्हणूनच त् बंद झालं.’

मग त्यानं जे सांगितलं ते मला अजून डोक्यातून काढता आलेलं नाही. त्याचं म्हणणं, की आता जे नियम आहेत, काठी नको, डॉक्टर पाहिजे, कॅमेरा पाहिजे, हेच नियम २०११ मध्ये केले असते तर? बैलालाही सुख झालं असतं, त्यालाही. तुतारी टाकून आवाजावर जोडी पळवायची एक संधी त्याला हवी होती. त्याला खात्री होती, की बिजल्या बिनतुतारीचाही सातच्या आत आला असता. ‘नसता आला त् मी कबूल केलं असतं, का मी धुरकरी नाई, मी फक्त टोचणारा माणूस हावो. पण ते समजलंच नाई न् मले. आता कधी समजणारही नाई.’

मी विचार केला, हाच तर अन्याय! पण लगेच दुसरं मनात आलं. बंदी आली नसती तर हे नियम कोणी केले असते का? सगळ्या गावांनी आपणहून तुताऱ्या टांगून ठेवल्या असत्या? मी दादाला हेही विचारलं. तो म्हणाला, ‘नसत्या ठेवल्या. म्या बी नसती ठेवली.’

‘मग अन्याय झाला की नाही?’

‘माह्यावर झाला असन,’ तो शेंग सोलत म्हणाला. ‘बिजल्यावर मायामुळं झाला का बंदीमुळं, ते तू बिजल्याले विचारलं असतं त् बरं झालं असतं.’

मामी आतून ओरडली, ‘शेंगा संपवा अन् झोपा रे, त्याले सकाळी पोरं आणाले जायचं हाये!’

बापू कुटी

परतीच्या दिवशी गाडी संध्याकाळची होती, म्हणून सेवाग्रामला गेलो. शाळेच्या सहलीत सगळेच जातात, पण मोठेपणी एकट्यानं जावं. गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. माती-बांबूची बापू कुटी, जमिनीला टेकलेलं छप्पर, झाडांची सावली, कमालीची शांतता. मोबाइल आपोआप सायलेंटवर जातो.

हा सगळा जिल्हाच अहिंसेच्या प्रयोगशाळेसारखा. सेवाग्राम इथे, विनोबांचं पवनार धाम नदीच्या काठी. जमनालाल बजाज आपल्या अखेरच्या दिवसांत गोसेवेच्या कामाला वाहून घेऊन वर्ध्यातच राहिले. आणि गांधीजींनी गाईबद्दल जितकं लिहिलं त्यात बैलाबद्दलही आहे. गाईला माता म्हणणारे आपण बैलांना मारतो, बेसुमार लादतो, हे त्यांनी आपल्याच लोकांना पुन्हा पुन्हा सुनावलं. आणि या आश्रमापासून दीड तासावर आमच्या गोठ्यात ती तुतारी लटकते आहे.

कुटीच्या ओसरीवर बसून वाटलं, की आपली ऑफिसची यादी फार सोपी आहे. करुणला गाडी मिळाली नाही, पैसे कमी पडले, टीमनं घात केला. सगळा दोष समोरच्याचा. ड्रायव्हर बिचारा. दादाच्या गोष्टीत हिशेब असा सरळ बसत नाही. त्याची कला खरी होती. ती तेविसाव्या वर्षी हिरावली गेली, आणि त्याची सात वर्षं कोणी परत देणार नाही, हेही खरं. पण त्या कलेतल्या सेकंदाच्या काही भागांची किंमत दुसऱ्याच कोणाच्या पुठ्ठ्यातून वसूल होत होती. ते त्यानं स्वतः सांगितलं. कोणी विचारलेलं नसताना.

आपल्यापैकी किती जण आपल्या प्रमोशनबद्दल असं सांगतील?

सोमवारी ऑफिसात गेलो. व्हाइटबोर्डवर जेहानच्या खाली दादाचं नाव लिहिलं. त्याखाली हरण्या, बिजल्या असंही लिहिलं. मग जरा थांबून ती दोन नावं पुसली. त्यांनी त्या सीटसाठी अर्ज केलाच नव्हता.

डेस्कवरची म्हणाली, ‘हा कोण? कुठल्या टीमचा?’

म्हटलं, ‘आर्वीचा. कॉफी घे, सांगतो.’

जायचं असेल तर...

पुण्या-मुंबईहून वर्ध्याला थेट रेल्वे आहे. वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत, तिकीट काढताना बघून घ्या. नागपूरपर्यंत विमानानं येऊन पुढे रस्त्यानेही येता येतं. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. सेवाग्राम, पवनार आणि गीताई मंदिर एका दिवसात आरामात होतं. जंगल बघायचं असेल तर सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे.

शंकरपट सुगीनंतर, साधारण जानेवारीपासून होतात. आर्वीच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलंत तरी कुठल्या गावात कधी ते कळेल. बघायला गेलात तर कुंपणाच्या बाहेर राहा, आणि घड्याळाबरोबर बैलांच्या पाठीकडेही बघा.

घरच्यांसाठी वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक घ्या. मित्रांसाठी मात्र दुसरं काही शोधत बसू नका, जिल्ह्यात दारूबंदी आहे!